उरलेले नव्वद टक्के

वाघाला मारून खाणारा, फक्त वाघांवरच जगणारा एखादा प्राणी का नाही? प्रश्न पोरकट वाटेल, पण एकदा डोक्यात शिरला की जात नाही. कारण एरवी निसर्गात खाण्यासारखं काही असेल आणि त्याला गिऱ्हाईक नाही, असं फारसं होत नाही. फुलाच्या तळाशी थेंबभर मध असतो, तर तिथवर पोचेल एवढी चोच घेऊन कुणीतरी जन्माला आलेलं असतं. शेणाच्या एका गोळ्यावर अख्खं बालपण काढणारे किडे आहेत. मग शे-दोनशे किलोंचा मांसाचा ऐवज जंगलात उघड हिंडतो आणि त्याच्यावर टपलेलं कुणीच नाही, हे कसं?

उत्तर वाघाच्या पंजात नाही, हिशोबात आहे. वाघ इतके विरळ असतात, की त्यांच्यावर पोट भरायचं ठरवणाऱ्याला एका शिकारीपासून दुसरीपर्यंत प्रचंड मुलूख तुडवावा लागेल. पहिल्या वाघातून मिळालेली ताकद दुसरा वाघ सापडायच्या आतच संपेल. आणि वाघ विरळ का? तर त्याच्या खालच्या पायरीवरचं मांसही मोजकंच असतं म्हणून. ते मोजकं का? असं विचारत विचारत आपण गवतापर्यंत उतरतो.

हा हिशोब शाळेच्या पुस्तकात पिरॅमिडच्या चित्रात असतो. तळाशी गवत, मग नाकतोडा, बेडूक, साप आणि टोकाला घार. प्रत्येक पायरीवरून दहा टक्के ऊर्जा वर जाते आणि नव्वद टक्के ‘वाया जाते’. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण या चित्राबद्दल माझी जुनी तक्रार आहे. आकड्यांबद्दलही थोडी आहे, ती पुढे सांगते. मुख्य तक्रार अशी, की हे चित्र वरून काढलेलं आहे, घारीच्या बाजूने. साप आयुष्यभर सरपटला, उन्हाला पडला, कात टाकली, जोडीदार शोधला, अंडी घातली. हे सगळं घारीच्या वहीत नुकसानीच्या रकान्यात गेलं. घारीला मिळालं तेवढंच जमा, बाकी साप जगला तो खर्च. त्या नव्वद टक्क्यांत नेमकं काय काय होतं, ते पाहिलं की टोकावरच्या घारीपेक्षा मधली मंडळी जास्त रंजक वाटायला लागतात.

या हिशोबाची पद्धत बसवली ती रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग लेक नावाचं एक छोटं, उथळ, गाळाने भरत चाललेलं तळं आहे. लिंडमन आणि त्याची बायको एलेनॉर यांनी काही वर्षं तिथलं पाणी, शेवाळ, किडे आणि चिखल उपसून तपासला. त्याच्या आधी, १९२७ साली, चार्ल्स एल्टन या इंग्रज अभ्यासकाने अन्नसाखळ्यांची मांडणी केली होती आणि वरच्या पायरीला डोकी कमी असतात हे दाखवलं होतं. १९३५ साली आर्थर टॅन्सली यांनी सजीव आणि त्यांच्याभोवतीचं निर्जीव जग मिळून एकच संस्था आहे, अशी परिसंस्थेची कल्पना मांडली. लिंडमनने पुढचं पाऊल टाकलं. शेवाळ, पाणपिसवा, मासा, तळाचा गाळ या सगळ्यांना त्याने एकाच मापात आणलं, कॅलरीत. मासा किती आणि शेवाळ किती यांची तुलना होत नाही, पण माशातली ऊर्जा आणि शेवाळातली ऊर्जा यांची होते. आज हे सोपं वाटतं. पण हे मांडणारा त्याचा लेख ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे गेला, तेव्हा ज्या दोन ज्येष्ठ तलाव-अभ्यासकांना तो तपासायला दिला होता, त्यांनी तो छापू नये असाच सल्ला दिला. फारच तात्त्विक आहे, पुरेशा तळ्यांची माहिती नाही, असं त्यांचं म्हणणं. लिंडमनचे येल विद्यापीठातले मार्गदर्शक जी. एव्हलिन हचिन्सन त्याच्या पाठीशी उभे राहिले म्हणून तो निघाला. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये लेख छापून आला. लिंडमन त्याच वर्षी जूनमध्ये यकृताच्या आजाराने गेला होता. वय सव्वीस.

आता आकड्यांबद्दलची तक्रार. लिंडमनच्या त्या तळ्यात वनस्पतींनी पकडलेला सूर्यप्रकाश होता ०.१० टक्के. त्यातलं शाकाहारी जीवांपर्यंत पोचलं १३.३ टक्के आणि शाकाहाऱ्यांकडून मांसाहाऱ्यांपर्यंत २२.३ टक्के. म्हणजे ज्याच्या नावावर दहा टक्क्यांचा नियम सर्रास खपवला जातो, त्याच्या स्वतःच्या तळ्यात दहा कुठेच नाही, उलट वर जावं तसं प्रमाण वाढतंय. दहा हा नंतर सोयीसाठी धरलेला गोल आकडा आहे. प्रत्यक्षात कुठे दोन-चार टक्के, कुठे वीस. आपल्याकडे लक्षात राहणारा आकडा खऱ्या आकड्यावर नेहमीच मात करतो, त्याला इलाज नाही.

पण टक्केवारीने हाती काही लागत नाही. एखादा जीव खाताना पाहावा लागतो.

कुंडीतल्या लिंबाच्या रोपावरची एक अळी मी मागे पानांसकट डबीत ठेवली होती. हिरवीगार, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. पानाच्या कडेवर ती स्वार झाल्यासारखी बसते. पुढच्या इवल्या पायांनी कड दोन्ही बाजूंनी धरते, डोकं लांबवर नेते आणि कड कुरतडत कुरतडत आपल्याकडे आणते. मग पुन्हा डोकं वर, पुन्हा खाली. कमानीसारखी एक फाक नाहीशी होते, मग तिच्या आतली दुसरी. शेवटी मधली शीर तेवढी उभी राहते. आणि हे चालू असतानाच मागच्या टोकाला दुसरं काम चालू असतं. दर थोड्या वेळाने एक गडद हिरवा दाणा, खाचा पडलेल्या छोट्या पिंपासारखा, तळाच्या कागदावर टपकतो. सकाळी डबी उघडावी तर दाण्यांचा खच. साफ केला तर संध्याकाळी पुन्हा तेवढाच.

अळीच्या जमाखर्चाचे आकडे ढोबळमानाने असे: तिने खाल्लेल्या पानातली जवळपास निम्मी ऊर्जा त्या दाण्यांतून तशीच बाहेर पडते, कारण पानाच्या पेशींच्या भिंती तिला पचत नाहीत. जे पचतं त्यातलं दोन-तृतीयांश जगण्यात जळतं आणि एक-तृतीयांशाची अळी होते. म्हणजे पानाचा सहावा हिस्सा अळीच्या अंगाला लागला. पक्ष्याच्या वहीत जमा होणार ते एवढंच. पण मधला, जळलेला भाग पाहा. त्यात डोकं वरखाली नेणं आहे, पानावर पकड धरून राहणं आहे, चार-पाच वेळा कात टाकणं आहे, हात लावला की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडणं आहे. पुढे ती कोष करते. कोष काही खात नाही, हलतही नाही म्हणण्याइतका, तरी दिवसागणिक हलका होत जातो. आतमध्ये अळीच्या अंगाचा बराचसा भाग विरघळवून त्याचे पंख, सोंड आणि लांब पाय घडवले जात असतात. त्या बांधकामाची किंमत साठवलेल्या चरबीतून जाते. बाहेर पडणारं फुलपाखरू त्या अळीपेक्षा वजनाने कमीच भरतं. वजनाच्या काट्यावर तोटा, आणि पंख आले.

ही जळण्याची भाषा अलंकारिक नव्हे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होईल इतका कोळसा जाळून त्याने किती बर्फ वितळतो ते मोजलं. दोन्ही आकडे जवळजवळ आले. श्वास घेणं म्हणजे संथ ज्वलन, असा त्यांनी निष्कर्ष काढला. संथ हे महत्त्वाचं. कोळसा एकदम पेटतो. आपल्या पेशी तीच ऊर्जा चिमटीने काढतात आणि एटीपी नावाच्या रेणूंत भरतात. शरीरात एका वेळी हा माल फार तर शे-दोनशे ग्रॅम असतो, पण तेच रेणू इतक्या वेळा रिकामे होऊन पुन्हा भरले जातात, की दिवसभराची उलाढाल आपल्या वजनाइतकी होते. स्वस्थ बसलेला माणूस ऐंशी ते शंभर वॉटचा उष्णता देणारा दिवा असतो. वजनागणिक पाहिलं तर आपण सूर्यापेक्षा हजारो पटींनी जास्त उष्णता बाहेर टाकतो. सूर्याचा एक किलो माल वॉटचा जेमतेम पाच हजारावा हिस्सा देतो. तो तळपतो तो केवळ अवाढव्य आहे म्हणून. मला हा आकडा फार आवडतो. थकवा आला की आठवायला बरा पडतो.

एकदा उष्णता झाली की मात्र परतीची वाट बंद. कार्बनचा अणू हवेतून पानात, पानातून अळीत, अळीच्या श्वासातून पुन्हा हवेत असा कितीही फेऱ्या मारू शकतो. पाणी, नत्र, स्फुरद यांचंही तसंच. ऊर्जेला फेरा नाही. तिने एकदाच यायचं आणि वाटेत कुणाकुणाला चालवून निघून जायचं. पृथ्वीवर येणारी आणि पृथ्वीवरून अवकाशात जाणारी ऊर्जा जवळपास सारखीच असते. फरक तिच्या रूपात आहे. सूर्याकडून येणाऱ्या दर एका प्रकाशकणामागे पृथ्वी उष्णतेचे साधारण वीस कण बाहेर सोडते, प्रत्येक कण वीसपट दुबळा. आपण सगळे, हरितद्रव्यापासून देवमाशापर्यंत, या एकाचे वीस होण्याच्या मधल्या जागेत राहतो.

ती जागा कोण कशी वापरतो, यात विलक्षण तफावत आहे. कीटक पचवलेल्या अन्नातला मोठा वाटा शरीर वाढवायला वापरू शकतात. सस्तन प्राणी आणि पक्षी मात्र जेमतेम एक ते तीन टक्के. बाकीचं सगळं अंग गरम ठेवण्यात जातं. पिरॅमिडच्या नजरेने पाहिलं तर उष्ण रक्ताचे प्राणी म्हणजे उधळे. वरच्या पायरीला देण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरतच नाही. चिचुंद्रीच्या कुळातले सगळ्यांत छोटे जीव दिवसभरात स्वतःच्या वजनाएवढं, कधी त्याहून जास्त खातात, आणि काही तास अन्न मिळालं नाही तर मरतात. एवढ्याशा अंगातून उष्णता इतकी भराभर निसटते, की भट्टीत सतत काहीतरी टाकत राहावं लागतं. गुंजनपक्षी (तेच ते, फुलासमोर हवेत थांबून मध पिणारे) थंड रात्री अंगाचं तापमान पार उतरवून जवळजवळ बेशुद्ध होतात, नाहीतर सकाळपर्यंत साठा पुरायचा नाही.

दुसऱ्या टोकाला अजगर. महिनोन्‌महिने न खाता वेटोळं घालून पडतो. आतडी आक्रसलेली, काळीज लहान, सगळं बेताने. मग एखादं मोठं भक्ष्य गिळतो आणि दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतं, आतड्याचं अस्तर फुगतं, शरीरातलं ज्वलन कित्येक पटींनी भडकतं. पचन संपलं की सगळा पसारा पुन्हा आवरून पहिल्यासारखा. खर्चाची गरज असेल तेवढ्यापुरतंच यंत्र उभं करायचं. काटकसर म्हणाल तर याला तोड नाही. पण कडाक्याच्या पहाटे अजगर कुणाचा पाठलाग करू शकत नाही, कोल्हा करू शकतो. त्या उधळलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांत कोल्ह्याने पहाट विकत घेतलेली असते.

या जाळण्याचाच एक वाईट परिणाम माणसाला उशिरा कळला. अन्नातली ऊर्जा प्रत्येक पायरीला जळून कमी होते, पण अन्नाबरोबर असं काही गेलं जे जळत नाही, तर ते साठत जातं. डीडीटी हे कीटकनाशक असंच चरबीत विरघळतं आणि सहजी मोडत नाही. पाण्यात नगण्य, प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) थोडं, छोट्या माशांत जास्त, मोठ्या माशांत आणखी आणि मासेखाऊ पक्ष्यांत इतकं, की त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन उबवताना फुटू लागली. अमेरिकेने १९७२ साली शेतीतला त्याचा वापर बंद केला, त्यामागे हेही एक कारण होतं. पिरॅमिड तोच, फक्त उलटा वाचायचा.

उलटा वरून आठवलं. इंग्लिश खाडीत एका पाहणीत वनस्पती-प्लवक चौरस मीटरला चार ग्रॅम आणि ते खाणारे प्राणी-प्लवक एकवीस ग्रॅम निघाले. खाणारे जास्त, खाणं कमी. यात जादू नाही. प्लवकं दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि होतात तशी खाल्ली जातात. शिल्लक कमी, उलाढाल मोठी. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भाग या डोळ्यांना न दिसणाऱ्या मंडळींचा आहे, आणि निळा देवमासा एवढा मोठा होऊ शकतो तो मधल्या पायऱ्या गाळून थेट त्यांच्या जवळच्या पायरीवर, क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जीवांवर जेवतो म्हणूनच.

सूर्याशिवाय चालणारं दुकानही आहे. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी, अडीच किलोमीटर खोल काळोखात, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती गजबजलेली वस्ती सापडली. तिथले लाल तुऱ्यांचे लांबलचक नळीकृमी तोंड आणि आतडी दोन्हींशिवाय जगतात, त्यांच्या अंगातले जिवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून अन्न करतात. मात्र त्यासाठी लागणारा ऑक्सिजन वरूनच येतो, कुणा हिरव्याने सोडलेला. पुरतं स्वतंत्र म्हणता येणार नाही.

आता मला पिरॅमिडमध्ये सगळ्यांत जास्त खटकणारी गोष्ट. त्यात जो तो कुणाकडून तरी खाल्ला जाऊनच मरतो. जंगलात बघावं तर बहुतेक पानं खाल्लीच जात नाहीत. ती पिकतात आणि गळतात. जंगलातल्या वनस्पतींनी वाढवलेल्या ऐवजातला बहुतांश भाग जिवंतपणी कुणाच्या तोंडी लागत नाही. हत्ती एवढं ओरबाडतो, पण त्यातलं निम्म्याहून जास्त शेणातून परत जमिनीवर येतं. माव्याचे किडे झाडाचा रस पितात आणि त्यातली बरीचशी साखर मागून थेंबाथेंबाने सोडतात, तीवर मुंग्या पोसल्या जातात. अशी गळती जागोजाग आहे. चित्रात तिच्यासाठी एक बारीक बाण असतो, बाजूला ‘विघटक’ असं लिहिलेला.

हॉवर्ड ओडम यांनी १९५७ साली फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्याचा हिशोब प्रसिद्ध केला. त्यातला हा बाण किती बारीक आहे ते पाहू. वर्षाला चौरस मीटरवर सतरा लाख किलोकॅलरी ऊन पडलं. वनस्पतींनी त्यातलं २०,८१० बांधलं आणि त्यातलं ११,९७७ स्वतःच जाळलं. पिरॅमिडमध्ये वनस्पती नुसत्या वाढून ठेवणाऱ्या दिसतात, पण अख्ख्या झऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या खर्चिक त्याच. शाकाहाऱ्यांकडे गेले ३,३६८. टोकावरच्या शिकारी माशांकडे पोचले २१. आणि विघटकांकडे ५,०६०. म्हणजे ज्यांच्यासाठी चित्राचं टोक राखून ठेवलंय त्यांना एकवीस, आणि ज्यांना कोपऱ्यात बसवलंय त्यांना पाच हजारांवर.

यांचा कारभार बघायला फार लांब जावं लागत नाही. गळलेली पानं, गवत आणि थोडी माती यांचा कंबरभर ढीग करावा, पाणी मारावं आणि काही दिवसांनी त्यात हात घालावा. वरचा थर गार आणि कोरडा लागतो, मनगटापर्यंत कोमट, आणि कोपरापर्यंत घातला की हात झटकन मागे येतो. चांगल्या लागलेल्या ढिगाचं पोट पंचावन्न ते पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. पहाटे उकरला तर वाफ निघते. कुणी काडी लावलेली नसते. ते गेल्या मोसमातलं ऊन असतं, पानांत बांधलेलं, आणि कोट्यवधी जिवाणू आणि बुरशा ते सोडवत बसलेल्या असतात. पुस्तकात ‘उष्णतेच्या रूपात वाया’ म्हणून जो बाण दाखवतात, तो इथे हाताला चटका देतो.

ढिगातली मंडळीही ठरलेल्या क्रमाने येतात. आधी साखर आणि पिष्ट यांच्यावर तुटून पडणारे जिवाणू. त्यांच्याच कारभाराने ढीग इतका तापतो, की त्यांचं त्यांनाच सोसवेना होतं आणि उष्णतेत रमणाऱ्या दुसऱ्यांच्या हाती काम जातं. मग ताप उतरू लागतो, तशा जून, काष्ठासारख्या भागाला हात घालणाऱ्या बुरशा पांढऱ्या धाग्यांनी पसरतात, त्यांच्या मागे पैसा, वाणी, गोम असे बहुपाय किडे. ढीग खचून निम्म्यावर येतो. हवेत गेलं ते गेलं, उरतो तो काळा, मातीच्या वासाचा भाग. त्यातलं काही इतकं चिवट असतं, की सूक्ष्मजीवांनाही ते मोडून काढणं परवडत नाही. तसा अंश जमिनीत पुढे शतकानुशतकं राहू शकतो. गांडुळं मात्र ढीग पुरता निवल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. आता पाऊल म्हणजे त्यांना ते नसतंच, पण येतात ती खालून, आणि आली की बस्तान बसवतात.